सवयीचे नाम

नामस्मरणाविषयी एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. कधी पत्रातून येतो, तर कधी कीर्तन आटोपल्यावर कोणी मंडपाच्या खांबाशी उभे राहून हळूच विचारतो. संध्याकाळी हरिपाठाला बसावे, हातात टाळ असावा, तोंडाने चरण बिनचूक चालू असावेत, आणि मन मात्र कारखान्याकडून यायच्या उसाच्या बिलात किंवा नातवाच्या परीक्षेत गुंतलेले असावे. अभंग केव्हा संपले हेही कळू नये. मग त्या पाठाचा उपयोग काय? तो देवाच्या दारी पोचतो की वाऱ्यावर जातो?

आपल्या परंपरेत या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, आणि पंचाईत ही की दोन्ही संतांच्याच तोंडची आहेत. एकीकडे अजामिळ आहे. त्याने मरतेवेळी हाक मारली ती मुलाला, पण मुलाचे नाव नारायण असल्यामुळे तो तरला. उलटे नाम घेऊन वाल्याचा वाल्मीकी झाला. दुसरीकडे तुकोबारायांनी टिळेमाळा मिरवणाऱ्या आणि मनात भलतेच घोळवणाऱ्या लोकांची जी हजेरी घेतली आहे, ती आठवली की जपमाळ हातात धरायची भीती वाटावी. आपण सोयीप्रमाणे उत्तर उचलतो. स्वतःचे मन भटकले की अजामिळ आठवतो, शेजाऱ्याचे भटकले की तुकोबा!

या महिन्यात आम्ही जरा शेजारच्या घरात डोकावणार आहोत. ख्रिस्ती साधकांत हाच वाद गेली सोळाशे वर्षे चालू आहे, आणि त्यांनी तो इतक्या बाजूंनी घासला आहे की आपल्याला त्यातून पुष्कळ शिकता येईल. कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात हे कशाला? अहो, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्ताची कथा सांगायला घेतली तेव्हा त्याला ओवीच जवळची वाटली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि पुढे ख्रिस्ती मंडळींसाठी भजने व कीर्तने रचत राहिले. पुलावरून जाणे-येणे दोन्ही बाजूंनी होते. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी कसे लागले हे पाहिल्याने आपली विहीर आटत नाही.

ख्रिस्ताच्या डोंगरावरील उपदेशात एक कडक सूचना आहे. प्रार्थना करताना वटवट करू नका, पुष्कळ शब्द बोललो म्हणजे देव ऐकेल असे समजू नका, कारण तुम्हाला काय हवे ते मागण्यापूर्वीच बाप जाणतो, असा तिचा भाव आहे. एवढेच वाचले तर जपमाळेचा निकालच लागला. परंतु याच शुभवर्तमानात पुढे एक प्रसंग आहे. पकडले जाण्याच्या रात्री ख्रिस्त बागेत एकटा जाऊन प्रार्थना करतो, परत येतो, शिष्य झोपलेले दिसतात, पुन्हा जातो, आणि तिसऱ्या खेपेसही तेच शब्द बोलतो. मत्तयाने हे मुद्दाम नोंदले आहे. म्हणजे तेच ते शब्द उच्चारणे हा दोष नव्हे. जीव टांगणीला लागलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. तो तेच तेच बोलतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस मिसरच्या वाळवंटात जे तपस्वी राहत, त्यांच्यात जॉन कॅसियन नावाचा साधक काही वर्षे राहिला. तिथल्या एका वृद्धाने सांगितलेला उपाय त्याने पुढे लिहून ठेवला. स्तोत्रसंहितेतली एकच ओळ, तीत देवाला लवकर धावून ये एवढीच विनवणी, ती धरावी; जेवताना, चालताना, झोपताना, राग आला असता, वासना उठली असता तीच म्हणावी. आपल्या आयाबाया जात्यावर बसून, कांडताना, पाणी भरताना जे करीत आल्या तेच हे.

या वाटेने सर्वांत पुढे गेलेला ग्रंथ रशियन आहे. एका अनामिक यात्रेकरूची ती हकीकत असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती छापली गेली. हा मनुष्य फकीर. एक हात लुळा, पाठीवर सुक्या पावाची पिशवी, छातीशी बायबल. देवळात त्याच्या कानी पौलाची आज्ञा पडते की अखंड प्रार्थना करा, आणि तो गोंधळतो. माणसाला पोट आहे, काम आहे, झोप आहे. अखंड कसे जमावे? तो मोठमोठ्या प्रवचनकारांकडे जातो. प्रार्थना श्रेष्ठ कशी हे सगळे सांगतात, पण करायची कशी हे कोणी सांगत नाही. (हे वाचताना आम्हास आपलीही काही प्रवचने आठवली.) शेवटी एक वृद्ध संन्यासी भेटतो आणि येशूचे नाव व दयेची याचना असलेले एक छोटे वाक्य देतो. ते दिवसाला तीन हजार वेळा म्हण. काही दिवसांनी सहा हजार. मग बारा हजार. एका खेपेला तीन सेकंद धरले तरी बारा हजारांना दहा तास लागतात. जीभ शिणली, जबडा अवघडला, माळ ओढून अंगठा दुखू लागला. आणि मग केव्हातरी उलटे झाले. तो प्रार्थना म्हणत नव्हता, प्रार्थनाच त्याच्या ओठांवर येऊन त्याला झोपेतून उठवू लागली. त्या वृद्धाने त्याला कुठेही असे म्हटले नाही की आधी मन एकाग्र कर आणि मग नाम घे. आधी जिभेला लाव, मन मागून येईल, असा त्याचा मार्ग.

आता याच्या अगदी विरुद्ध बाजू पाहू. जर्मनीतील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याला माळेवरच्या मोजदादीचा भारी तिटकारा होता. १५३५ साली त्याने आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थना कशी करावी यावर एक पुस्तिका लिहिली. होय, न्हाव्यासाठीच; पेटर त्याचे नाव. त्याने विचारले म्हणून ल्यूथरने त्याच्याच धंद्यातला दाखला दिला. चांगला न्हावी हजामत करताना वस्तऱ्यावर आणि केसावर नजर ठेवतो. तो गप्पा मारीत, इकडेतिकडे पाहत बसला तर गिऱ्हाइकाचे नाक कापील, गळाही कापील. शरीराच्या कामाला जर एवढे लक्ष लागते, तर प्रार्थनेला किती लागावे? ख्रिस्ताने शिकवलेल्या त्या एका प्रार्थनेचे लोक वर्षातून हजारो वेळा जे हाल करतात ते पाहता जगातली सर्वांत मोठी हुतात्मा तीच, असेही तो म्हणून गेला. आमचे सेना महाराज हे वाचून हसले असते असे वाटते. आरसा आणि वस्तरा हातात घेऊन परमार्थ सांगणे त्यांना नवे नव्हते.

पण या पुस्तिकेला एक दुःखद शेपूट आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्याच १५३५ सालात या पेटर न्हाव्याने जेवणाच्या पंगतीत आपल्या जावयाला सुरा खुपसला. जावई मेला. ल्यूथरने रदबदली केली म्हणून फाशी टळली, पण घरदार गेले आणि हद्दपारी नशिबी आली. ज्याला प्रार्थनेचे लक्ष शिकवले त्याच्याच हातून हे घडले. विरोधक म्हणतील, पाहा, तुमच्या एकाग्रतेचे फळ! परंतु हा वार आपल्यावरही उलटतो. वर्षानुवर्षे वारी करणाऱ्या माणसाने बांधाच्या वितभर जमिनीसाठी भावावर काठी उगारल्याचे आम्ही काय ऐकलेले नाही? जिभेवरचे नाम आणि मनातले नाम या दोहोंच्याही पलीकडे हाताचा एक प्रश्न उरतो, आणि तो नामाच्या वादात कुठेच सुटत नाही. नाम म्हणजे सदाचाराची हमी नव्हे एवढे मान्य करावे, म्हणजे निदान आपण खोटे तरी बोलणार नाही.

लक्ष हवे हे खरे. पण ज्याला लक्ष लागतच नाही त्याने काय करावे? इथे आम्हास स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसेइतके प्रामाणिक उत्तर कोणी दिलेले दिसले नाही. ही सोळाव्या शतकातली जोगीण. तिने मठ स्थापले, ग्रंथ लिहिले, आणि आत्मचरित्रात सरळ कबूल केले की कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर तास केव्हा संपतो इकडेच आपले ध्यान असे, घड्याळाचा टोला कधी पडतो म्हणून कान लागलेले असत. प्रार्थनामंदिरात शिरतानाच मनावर मळभ येई. तरी ती बसली. पुढे तिने साधकाला माळ्याची उपमा दिली. बागेला पाणी चार प्रकारांनी मिळते. विहिरीतून हाताने शेंदून. त्यात कष्ट फार, पाणी थोडे. रहाटाने, कष्ट कमी, पाणी जास्त. ओढ्याचा पाट काढून. मग जमीनच ओली होते. आणि चौथा प्रकार पाऊस. त्यात माळ्याचे काही नाही, सगळे देणाऱ्याचे. नवा साधक हा शेंदणारा. आणि कधीकधी, ती म्हणते, विहीरच कोरडी असते. पोहरा रिकामाच वर येतो. तरी माळ्याने जाऊन पोहरा सोडावा, कारण बाग त्याची नाही, धन्याची आहे.

आपल्या कोरडवाहू मुलखातल्या माणसाला ही उपमा समजावून सांगायला नको. पाऊस पाडणे कुणब्याच्या हाती नाही, म्हणून तो पेरणीपूर्वीची मशागत सोडून देत नाही. सावता महाराजांच्या मळ्यात तेरेसाबाई चार दिवस राहिली असती तर दोघांचे चांगले जमले असते.

याच नावाच्या, आपल्या देशात आयुष्य घालवलेल्या मदर तेरेसा यांचे खासगी पत्रलेखन २००७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, पुस्तकरूपाने बाहेर आले तेव्हा जगाला धक्का बसला. कलकत्त्यात काम सुरू केल्यानंतर लवकरच त्यांना देवाचे सान्निध्य जाणवेनासे झाले, आणि मधला थोडा काळ सोडला तर ते जवळजवळ अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, परतले नाही. आत नुसता काळोख. ही पत्रे नष्ट करा असे त्यांनी विनवले होते. या पन्नास वर्षांत पहाटेची प्रार्थना चुकली नाही, हातातली माळ सुटली नाही, आणि रस्त्यावरचा मरणोन्मुख माणूस उचलायचाही राहिला नाही. काहींनी याला ढोंग म्हटले. मनात देव नाही आणि तोंडी देव, हे ढोंग नव्हे तर काय?

आम्हास हे पटत नाही. ढोंगी कोण? जो आत नाही ते बाहेर दाखवून काही मिळवू पाहतो तो. या बाईने आत जे नव्हते त्याची तक्रार देवाजवळच केली, आणि बाहेर जे केले ते दुसऱ्यासाठी केले. तुकोबांचेही कित्येक अभंग अशाच कोरड्या दिवसांचे आहेत. देवाशी भांडण आहे, रुसवा आहे, तू आहेस की नाहीस असा संशय आहे. पण भांडण्यासाठीसुद्धा ते पांडुरंगाकडेच गेले, दुसरीकडे गेले नाहीत. भाव नसताना घेतलेले नाम आणि भाव नाही हे लपवून घेतलेले नाम यांत मोठे अंतर आहे. उसाचे बिल आठवणारा आमचा भाविक पहिल्या जातीचा आहे. त्याला निदान लाज वाटते. म्हणून तर तो खांबाशी उभा राहून विचारतो.

आता नामाच्या सामर्थ्याचा मुद्दा. नाम आणि नामी एकच, हा आपला सिद्धांत. ख्रिस्ती जगात हेच म्हणणाऱ्यांवर काय वेळ आली ते थोड्यांना ठाऊक असेल. ग्रीसमधील आथोस पर्वतावर ख्रिस्ती संन्याशांचे मठ हजार वर्षांपासून आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या रशियन मठांत एक मत पसरले की देवाचे नाम हे देवच होय. मे १९१३ मध्ये रशियाच्या धर्मपीठाने हे मत पाखंड ठरवले. त्यानंतर झारने जहाजे आणि शिपाई पाठवले. संन्याशांवर पाण्याचे फवारे सोडून त्यांना मठाबाहेर काढले, आणि आठशेहून अधिक जणांना जहाजांत कोंबून ओडेसा बंदरात नेऊन उतरवले. नाम हाच देव म्हणतात म्हणून! हे वाचून वारकऱ्याचे मन त्या संन्याशांकडे धावणार यात नवल नाही. आमचेही धावले. ज्या वादात पाण्याचे पंप आणि शिपाई आणावे लागतात तो वाद आणणाऱ्याने निम्मा हरलेलाच असतो.

तरीही धर्मपीठाला वाटणारी भीती खुळी नव्हती. नामच देव म्हटले की कोणी तरी नामाला नाणे समजणार. एवढे टाकले की एवढे मिळाले पाहिजे. आपल्याकडे हे होत नाही काय? अजामिळाची कथाच घ्या. कीर्तनात ती बहुधा अर्ध्यावर थांबते. मुलाला हाक मारली, विष्णुदूत आले, यमदूत परतले, बोला पुंडलिक वरदे! पण भागवतात कथा पुढे आहे. अजामिळ त्या वेळी मेलाच नाही. दूतांचा संवाद ऐकून तो शुद्धीवर आला, आयुष्यभर काय केले याचा त्याला पश्चात्ताप झाला, घरदार सोडून तो गंगाद्वारी गेला, तिथे साधन केले, आणि मग त्याला वैकुंठ मिळाले. चुकून निघालेल्या नामाने त्याला वैकुंठाला पोचवले नाही, वेळ मिळवून दिला. आमच्या मते नामाचे सामर्थ्य कमी न करता अजामिळाची कथा अशी पुरी सांगता येते, आणि सांगावी.

अलीकडच्या ख्रिस्ती मंडळींत उपासनेचे काय चालले आहे तेही थोडे पाहू. १९६३ साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने लोकभाषांना वाट करून दिली, आणि शतकानुशतके लॅटिनमध्ये चाललेली मिस्सा आमच्या वसईकडे मराठीत होऊ लागली. त्याआधी कित्येक म्हातारी माणसे न समजणाऱ्या मिस्सेत बसून आपली माळ ओढीत असत. शब्द समजू लागले हे चांगलेच झाले. ज्ञानदेवांच्या वारसांना ते कोणी सांगायला नको. युरोपात मात्र उपासना समजते पण उपासक नाहीत, अशी पुष्कळ ठिकाणी दशा आहे. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट गावी एका जुन्या चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान थाटले आहे. २०१९ साली तर मनगटावर बांधायची विजेची जपमाळ निघाली. हाताने क्रूसाची खूण केली की ती चालू होते आणि मोबाइलवर प्रार्थना सांगू लागते. आपल्याकडे बोटात घालून टिकटिक करायचे मोजयंत्र कधीच आले असल्यामुळे आम्ही हसण्याचा अधिकार गमावला आहे.

याच युरोपात फ्रान्सच्या तेझे या खेड्यात उलट चित्र दिसते. ब्रदर रोजे या स्वित्झर्लंडच्या माणसाने १९४० साली तिथे घर घेतले आणि पुढे निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक एकत्र राहतील असा मठ वसवला. उन्हाळ्यात आठवड्याआठवड्याला हजारो तरुण तिथे येतात. काय करतात? एकदोन ओळींचे पद घेतात आणि तेच पुन्हा पुन्हा गातात, आणि मग बराच वेळ गप्प बसतात. ज्या पुनरुक्तीला ल्यूथरच्या लोकांनी दाराबाहेर काढले होते, तिला प्रॉटेस्टंट घरातच वाढलेल्या माणसाने परत आणून भजनाला बसवले. ऑगस्ट २००५ मध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेतच एका मनोरुग्ण बाईने नव्वद वर्षांच्या ब्रदर रोजे यांच्यावर सुरीने वार केले आणि ते गेले. अंत्यविधीत त्यांच्या उत्तराधिकाऱ्याने त्या बाईसाठी क्षमा मागितली. ते गाणे तिथे अजून चालू आहे. ल्यूथरच्या न्हाव्यापुढे आम्ही जो हाताचा प्रश्न ठेवला होता, त्याच्याशेजारी हीही गोष्ट ठेवावी असे आम्हास वाटले.

२०२० च्या साथीत चर्चची दारे बंद झाली. लोक घरी बसून पडद्यावर मिस्सा पाहू लागले, आणि प्रश्न उठला की पाहणे म्हणजे सामील होणे काय? प्रसादाची भाकर पडद्यातून हाती येत नाही. आमच्या पालख्या त्या वर्षी एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि लाखो पायांना घरी बसावे लागले. मनाने वारी केली असे आपण म्हणालो. खरेच केली. पण पाय तळमळत राहिले, आणि तेव्हा कळले की इतकी वर्षे वारी करीत होते त्यात मनाइतकेच पायही होते. भक्ती फक्त मनात असती तर ती तळमळ आली नसती.

म्हणून त्या खांबाशी उभ्या राहणाऱ्या भाविकाला आमचे सांगणे असे. गीतेच्या बाराव्या अध्यायात, चित्त माझ्या ठायी स्थिर करता येत नसेल तर अभ्यास कर, अशी सवलत भगवंतांनीच दिली आहे, आणि माउलींनी तर आठ प्रहरांत क्षणभर जरी मन दिले तरी चालेल इतकी ती सैल केली. उसाचे बिल आठवले तर आठवू द्यावे. ध्यानात आले की पुढच्या चरणाशी परत यावे. दहा वेळा गेले तर दहा वेळा परत यावे. परत येणे हाच त्या दिवसाचा पोहरा. हरिपाठ संपल्यावर बिलाचे जे करायचे ते सचोटीने करावे.

आणखी एक. म्हातारपणी ज्यांची आठवण जाते अशांची सेवा करणारी माणसे एक गोष्ट सांगतात, तिकडचे पाद्रीही सांगतात आणि इकडच्या सुनाही. म्हातारी मुलाला ओळखत नाही, आपले नाव सांगत नाही, जेवली की नाही हे तिला कळत नाही. तिकडे पाद्री शेजारी बसून ख्रिस्ताने शिकवलेली प्रार्थना सुरू करतो. इकडे कोणी हरिपाठाचा पहिला चरण धरतो. आणि म्हातारीचे ओठ हलू लागतात. दुसरा चरण ती स्वतःच म्हणते.